उधारीच्या वहीतली लग्नं

आमच्या छापखान्याच्या उधारीच्या वहीत सांगलीतली कितीतरी लग्नं आहेत. त्यातल्या काही जोडप्यांची मुलं आता दहावीला बसली, पण आईबापांच्या पत्रिकेचे पैसे अजून यायचेच आहेत. वही जुनी, लाल कापडी बांधणीची, मामांच्या अक्षरातली. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. प्रत्येक नावापुढे रक्कम आणि रकमेच्या शेजारी मामांनी एक नातं लिहून ठेवलंय. 'शेजारचे', 'दादांचे व्याही', 'शाळासोबती', 'कवठेमहांकाळचे पाहुणे'. लग्नानंतर पहिल्यांदा ती वही उघडली तेव्हा मला वाटलं, ओळख पटावी म्हणून लिहिलं असेल. हळूहळू कळलं, ते पैसे न मागण्याचं कारण लिहिलेलं होतं.

छापखाना मामांनी 1978 साली एका ट्रेडल मशीनवर सुरू केला. खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवण्यापासून माल पोचवण्यापर्यंत सगळं दोन माणसांत. मग ऑफसेट आलं, खिळ्यांच्या केसेस माळ्यावर गेल्या. 2004 मध्ये मी या घरात आले तेव्हा घर वर आणि छापखाना खाली, अशी गावभागातल्या बऱ्याच घरांची असते तशी रचना होती. अजून आहे. जिना उतरला की धंदा, चढला की संसार; पैशाला मात्र जिना ठाऊक नव्हता. भाजी गल्ल्यातून यायची आणि कधी शाईचा डबा आत्यांच्या डाळीच्या डब्यात दडवलेल्या नोटांतून. "आपलाच पैसा आपल्याच घरात फिरतोय, जातोय कुठं?" असं मामा म्हणायचे. मी बी.कॉम. झालेली, मला ते ऐकून पोटात गोळा यायचा. पण नव्या सुनेनं ताळेबंदावर बोलायचं नसतं.

बाहेरच्या माणसाला छापखाना म्हटलं की लग्नपत्रिका दिसतात. आमचं पोट खरं तर बाजारावर आहे. सांगलीत हळदीचे, बेदाण्याचे सौदे निघतात. अडत्याला शेतकऱ्याच्या हातात द्यायला हिशेबपट्टी लागते, वजनाच्या पावत्या लागतात, नंबर घातलेली पुस्तकं लागतात. शाळांची प्रगतिपुस्तकं, दवाखान्यांचे केसपेपर (शेजारी मिरज असल्यावर दवाखान्यांना काय तोटा). आणि पतसंस्था. सहकारी संस्थांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, सभेआधी सभासदांना अहवाल पाठवावा लागतो, म्हणून जुलै ते सप्टेंबर हा आमचा सीझन. या सीझनमध्ये पैसा आधी जातो, येतो फार नंतर. कागद जूनमध्ये भरायचा. डीलर तीस दिवस थांबतो, त्यानंतर त्याच्या आवाजातला गोडवा कमी होतो. अहवाल ऑगस्टअखेर छापून जातो, सभा सप्टेंबरात, बिल मंजूर होतं सभेनंतरच्या मासिक बैठकीत, आणि चेक निघतो दिवाळीच्या आसपास. कधी दिवाळीनंतर, कारण चेअरमन तिरुपतीला गेलेले असतात. मधले चार महिने कुणीतरी भरून काढायचे असतात. ते आम्ही काढतो.

त्यात कर. बिल फाडलं की जीएसटी देणं लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे येवोत न येवोत. लाखाच्या कामावर अठरा हजार कर असेल तर तो पुढच्या महिन्यात भरायचा आणि गिऱ्हाइकाकडून दिवाळीला घ्यायचा. म्हणजे दुसऱ्याचा कर आम्ही आमच्या कॅश क्रेडिटमधून (धंद्यासाठी बँकेनं ठरवून दिलेल्या उचलीतून), बँकेला व्याज देऊन भरतो.

या जीएसटीनं सुरुवातीला मात्र आमच्यावर मेहेरबानी केली होती. 1 जुलै 2017 ला तो लागू झाला आणि गावातल्या प्रत्येक दुकानदाराला नवा नंबर छापलेली बिलबुकं हवी झाली, तीही कालच. नंबरिंगचं मशीन रात्री उशिरापर्यंत खटखटायचं. जेवणाचे डबे खाली जायचे. कधी नव्हे ते लोक आगाऊ पैसे देत होते. त्या तेजीच्या भरात 2018 मध्ये आमच्या यांनी एक जुनं चार रंगी मशीन घेतलं. 22 लाखांचं कर्ज, पाच वर्षांची मुदत, हप्ता 48 हजारांच्या घरात. आणि वर्ष-दोन वर्षांत तेच दुकानदार कॉम्प्युटरवर बिलं काढायला लागले, मग मोबाइलवर. ज्या कायद्यानं बिलबुकांना सोन्याचे दिवस दाखवले त्यानंच त्यांचा निकाल लावला. यात चूक कुणाची काढायची? आमच्याकडे ती रोज रात्री जेवताना निघायची.

मग पाणी आलं. 2005 च्या महापुराची रेघ मामांनी छापखान्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं आखून ठेवली होती आणि कागदाच्या मांडण्या त्या रेघेच्या वर ठोकून घेतल्या होत्या. सांगलीत असं बऱ्याच जणांनी केलं होतं. 2005 च्या वर पाणी येत नाही, हा एक अलिखित करार होता. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. रेघ बुडाली, मांडण्या बुडाल्या, अहवालांसाठी भरलेला सगळा कागद बुडाला. रिमं पाणी प्यायली की फुगतात, इतकी की मांडणीचे बोल्ट उपटून येतात. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा घट्ट बसतो. तो आम्ही पहारीनं काढला.

विमा होता. बँकेचं कर्ज असलं की मालाचा विमा काढावाच लागतो. पण तो सहा लाखांचा होता, वर्षानुवर्षं तोच आकडा पुढे चाललेला, आणि सीझन असल्यामुळे माल होता बारा लाखांचा. सर्व्हेअर भला माणूस. त्यानं चहा पीत समजावून सांगितलं की माल बारा लाखांचा आणि विमा सहाचा, म्हणजे अर्धा धोका तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलात, तेव्हा नुकसानही अर्धंच मिळणार. आठ लाखांचं नुकसान, चार लाख मंजूर, त्यातून आणखी वजावट. हा नियम पॉलिसीच्या मागच्या पानावर असतो, अगदी बारीक टायपात. सगळा जन्म बारीक टायपाची प्रुफं वाचण्यात गेलेलं हे घर, आणि ते पान कुणी उलटलं नव्हतं. दुकानदारांना सरकारी मदत होती, नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार. ती आली. तिच्यात गाळ काढायची मजुरी आणि मोटरींचं रिवाइंडिंग झालं.

त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक माणूस किर्लोस्करांची गोष्ट सांगून जायचा. आमचा जिल्हाच किर्लोस्करवाडीचा. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर बनवला, शेतकऱ्यांना वाटलं लोखंडानं जमीन नासेल, दोन वर्षं नांगर खपला नाही, तरी ते डगमगले नाहीत. गोष्ट खरी आहे, माझी काही तक्रार नाही. पण ती दोन वर्षं घरात किराणा कुठून आला, हे सांगणारा मला अजून भेटलेला नाही. पुढे औंधच्या राजांनी लक्ष्मणरावांना जागा दिली, कर्जही दिलं. आमचे राजे म्हणजे बँकेचे शाखाधिकारी, त्यांची दर तीन वर्षांनी बदली होते.

2020 बद्दल जास्त लिहीत नाही, ते सगळ्यांचंच झालं. एप्रिल-मेच्या लग्नांच्या पत्रिका छापून, घड्या घालून तयार होत्या आणि त्यांवरच्या तारखा टळून गेल्या. मग लग्न पन्नास माणसांत आणि पत्रिका मोबाइलवर. त्यातली अर्धी सवय परत गेलीच नाही. हप्ते सहा महिने थांबवायची सवलत मिळाली. व्याज थांबलं नाही. मग बँकेतून फोन आला की सरकारच्या हमीचं कर्ज आहे, तारण नको, 29 फेब्रुवारीच्या बाकीच्या 20 टक्के. आमचे 5 लाख 20 हजार निघत होते. न मागता मिळणाऱ्या कर्जाची भीती वाटते, तरी घेतलं. कामगारांचे पगार त्यातून झाले. जुलै 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं तेव्हा कागद आमच्या झोपायच्या खोलीत होता आणि आम्ही मिरजेला माझ्या माहेरी.

इथपर्यंतचं सगळं आकड्यांत सांगता येतं. घरात जे चाललं होतं ते आकड्यांत बसत नाही. हे फोन आला की गच्चीवर जायचे. बँकेच्या एसएमएसचा आवाज त्यांनी वेगळा लावून ठेवला होता, आणि तो वाजला की आमच्या मुलाचासुद्धा घास थांबायचा. तो तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी विचार, तिथं कागदाचा डीलर असेल का? असणारच, सांगली केवढीशी. मग आहेर माझ्या हाती पाठवायचा आणि सांगायचं, मशीनचं काम निघालंय. पहाटे तीनला मला जाग यायची तर शेजारची जागा रिकामी आणि खालच्या मजल्यावर ट्यूबलाइट. मशीन बंद, हे स्टुलावर. मी जिन्यात उभी राहून परत वर यायचे. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, प्लेट बघत होतो."

आणि मामांना काही सांगायचं नाही, त्यांना बीपी. मामांचंही तेच चाललं होतं, मुलाला काही सांगायचं नाही, तो आधीच त्रासलाय. एकमेकांना जपायच्या नादात बापलेक एका ताटाच्या अंतरावर बसून पावसाबद्दल बोलायचे.

2022 च्या सुरुवातीला कागद भडकला. डीलर सकाळचा भाव संध्याकाळी द्यायला तयार नसे आणि आमची कोटेशनं दिवाळीच्या भावानं दिलेली. एका दुपारी काउंटरवर मी एकटीच असताना बँकेचं पत्र आलं. सही मी केली, म्हणून वाचलंही मीच. हप्ता थकून साठ दिवस उलटले होते. नव्वद झाले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत जमा. पत्रावर गॅरंटर म्हणून माझं नाव होतं. मशीन घेताना मी कुठंकुठं सह्या केल्या होत्या, त्यातली ती एक.

रात्री जेवणं झाल्यावर मी पत्र मध्ये ठेवलं आणि छापखान्यातून आणलेला मॅपलिथोचा एक मोठा कागद पसरला. म्हटलं, ज्याला जे माहीत आहे ते त्यानं लिहायचं, मग बोलू. बराच वेळ कुणी पेनला हात लावेना. हे म्हणाले, "आत्ता मामांसमोर नको." मामा म्हणाले, "नको का? छापखाना माझ्या नावावर आहे."

आणि मग आत्या बोलल्या, ज्यांना कुणी विचारलंच नव्हतं. "माझ्या पाटल्या पतसंस्थेत आहेत."

"कधीपासनं?"

"पुराच्या वर्षापासनं."

मामांच्या चेहऱ्यावर तो हिशेब जुळताना मला दिसला. पुरानंतर कागद परत भरायला डाळीच्या डब्यातून जे पैसे निघाले होते, ते पाटल्यांचे होते. पतसंस्थाही आमच्या गिऱ्हाइकांतलीच. तिच्याकडून सोनेतारण कर्ज काढून आम्ही तिच्याच अहवालाचा कागद आणला होता, आणि त्या अहवालाचं बिल तिनं आम्हाला जानेवारीत दिलं होतं. वर तारणावर व्याज घेतलं ते वेगळं. मी हसले. मला वाटतं आत्याही हसल्या असत्या, पण मामा बघत होते.

मग मामांचं निघालं. एका जुन्या मित्राकडून तीन लाख हातउसने, शेकडा दोननं. म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. "तो मागत नाही कधी," मामा म्हणाले. मागत नव्हता, पण व्याज दर महिन्याला मामा स्वतः नेऊन देत होते, चालायला जातो म्हणून. ह्यांचं निघालं. कॅश क्रेडिट मर्यादेला टेकलेलं, डीलरचे चार लाख थकलेले. एका घरात तीन माणसांनी तीन वेगवेगळ्या चोऱ्या केल्या होत्या, सगळ्या एकमेकांसाठी, आणि तिन्हींवर व्याज चालू होतं.

बेरीज 34 लाखांच्या आसपास झाली. समोर येणं 14 लाखांचं. मामांनी कागद चष्म्याजवळ धरून दोनदा पाहिला आणि म्हणाले, "मला वाटलं पन्नासच्या वर गेलं असेल." चौतीस लाख काही कमी नव्हते. पण त्या रात्री ते घोरत होते, हे मी जिन्यातूनच ऐकलं.

त्यानंतर जे केलं त्यात शहाणपण माझं फार नाही, आत्यांचं आहे. आम्ही पाटल्या सोडवायच्या गोष्टी करत होतो. त्या म्हणाल्या, "सोडवताय कशाला, विका. त्या हातात घालून मी मिरवायची आणि तिकडं शेकडा दोननं चालू." सोन्याचा भाव 2019 पेक्षा चांगलाच चढला होता. पाटल्या विकून तारण फिटलं, मित्राच्या तीन लाखांतले बरेचसे दिले, थकलेले हप्ते भरले. माळ्यावरच्या खिळ्यांच्या केसेस उतरवल्या. खिळ्यांतलं शिसं किलोवर जातं, भाव बरा मिळतो. मामांनी देवनागरीची एक केस ठेवून घेतली आणि बाकीच्या तराजूवर चढत असताना ते घरात जाऊन बसले. निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी हे त्यांचं दैवत, खिळे ओतण्यापासून सगळं शिकलेला माणूस. अशा माणसाला शिशाचा भाव सांगू नये.

घराला पगार लावला. महिन्याला 25 हजार, एक तारखेला, धंद्याच्या खात्यातून घराच्या खात्यात, बँकेतून. त्याच्या वर गल्ल्याला हात नाही. यावर सगळ्यात मोठं भांडण झालं. "मालकाला कसला पगार?" मामा म्हणाले, आणि आठवडाभर आमच्या हातचा चहा घेतला नाही. आता तेच महिनाअखेर विचारतात, "घराकडं किती शिल्लक?" पैसे कुणाला आधी द्यायचे याचाही क्रम ठरला, आधी पगार, मग वीज, मग कर, मग बँक, मग डीलर. डीलरला सगळ्यात शेवटी ठेवलं कारण बँक तारीख ओलांडू देत नाही आणि डीलर समोर बसून बोललं तर ऐकतो. हे त्याच्याकडे गेले, कागद घेऊन गेले, म्हणाले, दर महिन्याला 25 हजार जुन्यातले, नवा माल रोखीनं. त्याला म्हणे त्या दिवशी प्रथमच झोप लागली. त्याच्याही डोक्यावर कागदाच्या मिलचे पैसे होते.

पगार सगळ्यात आधी, यावर मात्र वाद झाला नाही. आमच्या मशीनमनना सगळे अण्णा म्हणतात. पुरात पहार धरणारे ते पहिले. लॉकडाऊनमध्ये अर्ध्या पगारावर त्यांनी स्वतःहून सही केली होती. तो अर्धा पगार मी येणं-देण्याच्या कागदावर देण्याच्या बाजूला लिहिला, तेव्हा हे माझ्याकडे बघत राहिले. तो आम्ही 2023 च्या दिवाळीला पुरा केला.

उरली वही. वसुली माझ्याकडे आली, कारण बाकी कुणी करणं शक्य नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि आमच्या घरात ही बहीण माडीवर राहायला होती. मामांना प्रत्येक गिऱ्हाइकाचं आजोळ माहीत; ह्यांना प्रत्येकाबरोबर शाळेचा बाक आठवतो. मी मिरजेची. मला 'अगं, तुझ्या सासऱ्यांना विचार' एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर 'त्यांनीच नंबर दिला' हे उत्तर तयार असतं. फोन सकाळी अकरा ते बारा. दिवेलागणीनंतर व्यापारी पैसे देत नाही, लक्ष्मी बाहेर जाते म्हणतो. तेव्हा फोन केला तर एक दिवस त्याला फुकट मिळतो. 'कधी देता?' विचारायचं नाही, 'मंगळवारी माणूस पाठवते' म्हणायचं. माझ्या लक्षात आलं की पैसे बुडवायचे म्हणून थांबलेली माणसं फार थोडी. बहुतेकांना कुणी मागितलेच नव्हते, आणि न मागणाऱ्याचे पैसे सगळ्यात शेवटी द्यायचे, हा क्रम त्यांनीही आमच्यासारखाच कुठंतरी ठरवलेला होता.

उधारी जुनी झाली की ती आणखी एका बाजूनं मारते, हे तेव्हा कळलं. कॅश क्रेडिटवर बँक दर महिन्याला मालाचं आणि येण्याचं पत्रक मागते आणि किती रक्कम उचलता येईल ते त्यावरून ठरतं. नव्वद दिवसांपुढची येणी त्यात धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणून बँकही देत नाही. मामांची सगळी माणुसकी त्या नव्वद दिवसांच्या पलीकडे जमा होती. मी 2010 च्या आधीची पानं स्टेपल करून टाकली. ती लग्नं सुखाची होवोत.

निवडणुकीचं काम आता रोखीनं, आगाऊ. हरलेला भेटत नाही, निवडून आलेला सापडत नाही. पत्रकावर छापणाऱ्याचं नाव आणि पत्ता घालणं कायद्यानं सक्तीचं आहे, त्यामुळे प्रचार त्यांचा, पुरावा आमचा आणि उधारीही आमचीच, असं इतकी वर्षं चाललं होतं.

2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर गंमत झाली. आयकरात नवा नियम आला की उद्यम रजिस्ट्रेशन असलेल्या सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल कराराप्रमाणे फार तर 45 दिवसांत (लेखी करार नसेल तर 15 दिवसांत) दिलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन. "वहिनी, तुमचं ते उद्यम रजिस्ट्रेशन काढून टाका ना. आमच्या सीएंना त्रास होतोय."

"भाऊ, पंचेचाळीस दिवसांत पैसे दिलेत तर त्रास कुणालाच नाही."

ते हसले. पैसे 28 मार्चला आले. पुढचं काम त्यांनी दुसऱ्या छापखान्याला दिलं, ज्याचं रजिस्ट्रेशन नाही. सरकारच्या पोर्टलवर तक्रारीची सोय आहे, उशिराच्या पैशांवर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज कायद्यात लिहिलेलं आहे. पण सांगलीत तुम्ही तक्रार टाकली की ती सरकारकडे पोचायच्या आत तुमच्या व्याह्यांकडे पोचते. एका गिऱ्हाइकाला नुसतं त्या कायद्याचं नाव ऐकवलं, तर त्यांनी मामांना मंदिरात गाठून विचारलं, "सुनेला आवरा की." मामा म्हणाले, "आवरतो, आधी बिल आवरा." हे मला मामांनी सांगितलं नाही, पुजाऱ्यांनी सांगितलं.

हिशेब मांडला म्हणून यांची झोप मात्र परत आली नाही. मला वाटलं होतं येईल. बँकेचे हप्ते सुरळीत झाले, डीलर पंगतीत शेजारी बसायला लागला, तरी तीन वाजले की ट्यूबलाइट. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. मिरजेत दर चार पावलांवर डॉक्टर, पण तिथं कुणी बघेल म्हणून कोल्हापूरला. वेटिंग रूममध्ये आमच्याच पेठेतले एक कापड दुकानदार बसलेले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि दोघांनी एकदमच सांगितलं की पाहुण्यांना सोबत म्हणून आलोय. औषधं काही महिने चालली. डॉक्टरांनी फोनमधला बँकेचा तो आवाज बदलायला सांगितला, आणि रात्री दहानंतर हिशेब बोलायचा नाही, हे मला सांगितलं. कारण एव्हाना तो मीच बोलायला लागले होते.

मशीनचं कर्ज 2024 मध्ये फिटलं. कॅश क्रेडिट आहे तसंच आहे, ते फिटायचं नसतंच. बिलबुकं जवळजवळ संपली. त्यांच्या जागी डबे आणि खोके आले, बेदाण्याच्या अर्धा किलोच्या पॅकिंगचे. त्यांत नफा बरा आहे, उधारी मात्र तीच. मुलगा बारावी झाला आणि त्याला छापखान्यात यायचं नाही. हे त्यानं सरळ सांगितलं, शनिवारी हिशेबाला बसलो असताना, सगळ्यांसमोर. मामांनी दोन दिवस काही खाल्लं नाही आणि तिसऱ्या दिवशी अण्णांच्या नातवाला कटिंग मशीन शिकवायला घेतलं.

या वर्षीपासून जून ते सप्टेंबर कागद सांगलीतल्याच विश्रामबागला ठेवतो, भाड्याच्या खोलीत, दुसऱ्या मजल्यावर. भाडं सहा हजार. ते मी अहवालांच्या कोटेशनमध्ये धरलं तर दोन संस्थांनी विचारलं, दर का वाढला. कारण सांगितलं. एक गेली. दुसरी, म्हणजे पाटल्यांवाली, राहिली, आणि 50 टक्के आगाऊ मागितले होते त्यातले 40 तिनं ठराव करून दिले. व्यवस्थापक म्हणाले, "वहिनी, आमच्या संस्थेच्या इतिहासात छपाईला आगाऊ रक्कम पहिल्यांदा देतोय." मी म्हटलं, अहवालात छापू का? उरलेले 60 टक्के सभेनंतरच्या बैठकीत मंजूर व्हायचे आहेत. बैठक 10 ऑक्टोबरला आहे. चेअरमन 12 ला तिरुपतीला निघतायत, ते मी विचारून ठेवलंय, तेव्हा चेकवर सही 11 लाच व्हायला हवी. सकाळी अकराला अण्णांचा नातू तिथं जाऊन बसेल.